ताई आहे की

"लॉकर कशाला? ताई आहे की," अवी खिडकीतल्या मुलीला म्हणाला.

त्या मुलीनं काढलेली चावी परत खुंटीला अडकवली आणि एकदा माझ्याकडे बघून घेतलं. लॉकरपेक्षा ही ताई कितपत भक्कम आहे, याचा अंदाज घेत असावी. मी तेव्हा सदतीस वर्षांची होते. अंगावर ठेवणीतली अबोली साडी होती आणि मनगटावर नुकताच पिवळ्या कागदाचा पट्टा चिकटवून मिळाला होता. पट्टा म्हणजे पूर्ण तिकीट. आत जेवढे पाळणे, घसरगुंड्या, पाण्याचे खेळ असतील त्या सगळ्यांवर माझा हक्क. संध्याकाळपर्यंत तो काढायचा नाही, असं फाटकावरच्या माणसानं बजावलं होतं.

पुढच्या दहा मिनिटांत माझ्याभोवती माझी धरून पाच पिशव्या जमल्या. कोरडे कपडे, टॉवेल, चपला, अवीचं पाकीट, चष्मा, त्याचा फोन. त्याच्या बायकोनं, उज्ज्वलानं, गळ्यातलं मंगळसूत्र काढून रुमालात बांधलं आणि माझ्या हातात दिलं. "तुमच्याकडे असलं की घोर नाही बघा ताई," ती म्हणाली. मग उसना आणलेला निळा नायलॉनचा पोशाख अंगाला खेचत, लाजत लाजत पाण्याकडे गेली.

अवीनं खिशातून कागद काढला. त्यावर अठ्ठावीस खेळांची यादी होती, घरूनच लिहून आणलेली. "एक पण सोडायचा नाही," त्यानं पोरांना दम दिला आणि मला म्हणाला, "ताई, तू इथंच बस हं. हलू नको. आम्हाला लगेच सापडली पाहिजेस."

परवा ऋतुजाचा, म्हणजे अवीच्या लेकीचा, पुण्याहून फोन आला होता. तिला तिच्या तीन वर्षांच्या पोरीला घेऊन असल्याच एका पार्कात जायचंय. "आत्या, तिकिटं ऐकून डोळे फिरलेत गं. जाण्यासारखं असतं का? पैसे वसूल होतात का?" मी म्हटलं, "माझं मत नको विचारूस बाई, मी एकाच पाळण्यात बसलेय." ती हसली. त्या दिवशी ती दहा वर्षांची होती आणि प्रथमेश आठ वर्षांचा. त्यांना त्यातलं पाणी तेवढं आठवतं. मला बाक आठवतो.

अवी माझ्याहून चार वर्षांनी धाकटा. वडील गेले तेव्हा तो कॉलेजात होता. शिवणाचे क्लास घेऊन मी त्याचं शिक्षण पुरं केलं, आणि हे तो चारचौघांत सांगायचाही. मनानं वाईट नाही. हात तेवढा आखडता. लिंबू पिळून झालं की सालं वाळत घालणारा माणूस. फलटणच्या आमच्या घरात सुट्टीत कुठं जायचं तर जेजुरीला, तेही डबा बांधून. अशा माणसानं त्या मे महिन्यात एकाएकी घाटाखालच्या पार्काची दोन दिवसांची ट्रिप काढली, जवळच्या लॉजवर राहायची सोय केली, आणि वर म्हणाला, "ताईलापण न्यायचं. तिचंही पूर्ण तिकीट. सहा वर्षांत तिनं उंबरा ओलांडलेला नाही." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

सहा वर्षं म्हणजे आईची डावी बाजू गेली तेव्हापासून. तिला उठवणं-बसवणं, अंघोळ, भरवणं सगळं माझ्याकडे. बाहेरच्या खोलीत क्लास, आतल्या खोलीत आई, मधे स्वयंपाकघर, एवढीच माझी धाव. ट्रिपच्या दोन दिवसांपुरतं मावशीला आईजवळ आणून ठेवलं होतं.

आणि मी वाट बघत होते. तीन आठवड्यांपूर्वी वाईजवळच्या ओझर्ड्याहून यशवंत फरांदे नावाचे गृहस्थ मला बघायला आले होते. वय बेचाळीस, बायको जाऊन पाच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, स्वतःची रोपवाटिका. या वयात मला बघायला कुणी येतंय म्हटल्यावर मी उज्ज्वलाला म्हटलं होतं, "पत्ता चुकले असतील." पोह्यांचा ट्रे घेऊन मी दारात आले, तर ते उठून उभेच राहिले. "जड आहे, द्या इकडं," म्हणून ट्रे माझ्या हातातून घेतला आणि सगळ्यांना बशा स्वतःच दिल्या. मग आत जाऊन आईच्या उशाशी पाच मिनिटं बसले. ते गेल्यावर अवी पोट धरून हसला. "बघायला आला होता का वाढायला?" मला हसू आलं नाही. माझ्या हातातलं ओझं न सांगता कुणी घेतल्याचं मला त्याआधीचं आठवत नव्हतं.

आठ दिवसांत ठरवू, असं दोन्हीकडून बोलणं झालं होतं. आठाचे एकवीस झाले. रोज संध्याकाळी अवी दूध संघातून घरी आला, की मी पाण्याचा तांब्या पुढं करून त्याच्या तोंडाकडे बघायची आणि तो तांब्याकडे बघायचा. "काही निरोप नाही गं ताई. नसेल पसंत," एकदा म्हणाला. मी म्हटलं, बरं. पण आशा मोठी चिवट. दारावर सायकल वाजली तरी माझा हात शिलाईवरून घसरायचा.

त्याच सुमारास आईनं एक खूळ घेतलं होतं. अवीच्या हातून पाणीसुद्धा घेईना. तो जवळ गेला की उजवा हात झटकायची. तिला दोन-चार शब्दांपलीकडे बोलता येत नसे, त्यामुळे कारण कळायची सोय नव्हती. आजारी माणूस, चालायचंच, म्हणून आम्ही सोडून दिलं. निघताना मात्र तिनं माझं मनगट घट्ट धरलं आणि म्हणाली, "जा." थोडं थांबून परत म्हणाली, "जा." मला वाटलं, ट्रिपलाच जा म्हणते.

तर, बाक. लिंबाच्या झाडाखाली होता, पण सावली सगळी मागच्या बाजूला पडत होती. माझ्याआधी तिथं एक म्हातारी येऊन बसली होती. हिरवं लुगडं, कपाळ मोकळं, आणि भोवती आठ पिशव्या. त्या आठही पिशव्यांचे बंद तिनं एका लांब नाडीत ओवले होते आणि नाडीचं टोक स्वतःच्या घोट्याला बांधलं होतं.

"कुनाच्या हाईत?" तिनं माझ्या पिशव्यांकडे हनुवटी करून विचारलं.

"भावाच्या."

"ह्या माज्या पुतन्याच्या. आमी करमाळ्याचं. मला समदी आक्का म्हनत्यात."

"तुम्ही नाही गेलात पाण्यात?"

"म्या?" आक्का मोठ्यानं हसली. "अगं, म्या तीन पार्कं बघितली आजपतुर. तिनी बाकड्यावरनं."

हे तिनं तीन धाम करून आल्यासारखं सांगितलं. मग कमरेच्या पिशवीतून दुसरी नाडी काढून माझ्यापुढं धरली. "घे. माज्याकडं दोन असत्यात. पायाला बांधून ठिवायचं, म्हंजी डुलकी लागली तरी कोन नेत न्हाई."

मला ते चमत्कारिक वाटलं, पण आदल्या रात्री लॉजवर झोप झाली नव्हती आणि रुमालातल्या मंगळसूत्राची धास्ती होती. मी पाची पिशव्यांचे बंद ओवले आणि टोक घोट्याला बांधलं. गाठ चांगली बसली. शिवणाऱ्या बाईची गाठ, सुटायची नाही.

तासाभरात मला लघवीला जायची वेळ आली, तर पाय हलवायची सोय नाही. "जाऊन ये, म्या बघते," आक्का म्हणाली. मी गाठ सोडली, जाऊन आले, परत बांधली. मग ती गेली आणि तेवढा वेळ मी तेरा पिशव्यांची धनीण झाले. समोरून ओली माणसं किंचाळत, हसत पळत होती. मधूनच प्रथमेश यायचा, टॉवेलला तोंड पुसायचा, "आत्या, नऊ झाले!" असा आकडा सांगून परत धावायचा. उन्हानं पिवळ्या पट्ट्याखालचं मनगट खाजत होतं.

बारा वाजून गेले असतील, पिशवीतला अवीचा फोन वाजला. मी त्याचा फोन कधी उचलत नसे. वाजून बंद होईल म्हणून वाट बघितली, तर बंद होऊन पुन्हा वाजायला लागला. काढून बघितला. पडद्यावर नाव होतं, फरांदे, वाई.

मी उचलला.

"अविनाशराव का?"

"ते पाण्यात आहेत. मी त्यांची बहीण."

"तुम्हीच का? बरं झालं," ते म्हणाले. "रागावू नका, पण मला एकदा तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. तुमच्या भावानं दोन आठवड्यांपूर्वी कळवलं, की तुम्हाला लग्नच करायचं नाही, आईला सोडून जायचं नाही. तुमचा निर्णय असेल तर मान्य आहे. पण आमच्याकडून मी होकार कळवला होता, तो तुमच्यापर्यंत पोचला का, एवढंच विचारायचं होतं. आज पाच वाजता माझी बहीण दुसऱ्या ठिकाणी शब्द द्यायला निघणार आहे. त्याआधी..."

"आत्या, टॉवेल!" दोन्ही पोरं अंगावर येऊन आदळली.

"मी करते फोन," कसंबसं म्हणून मी बंद केला. ऋतुजानं विचारलं, "कुणाचा गं?" मी म्हटलं, "चुकून लागला होता."

का म्हणाले तसं? आजही मला स्वतःचा राग येतो. फोन माझ्या हातात होता, तोंडात जीभ होती, हो म्हणायला असा कितीसा वेळ लागतो. पण वडील गेल्यापासून मी घरातलं काहीही अवीला विचारून केलं होतं. बाजारातून काय आणायचं तेसुद्धा. हो म्हणायची माझ्या तोंडाला सवयच नव्हती, 'बरं' म्हणायची होती.

जेवायला सगळे आले. आमची धपाटी आणि चटणी सकाळी फाटकावरच काढून घेतली होती, बाहेरचं खाणं आत चालत नाही म्हणून. त्यामुळे अवी कॅन्टीनच्या थाळीतला एकेक घास मोजून चावत होता. "ह्या भाताला सोन्याचं पाणी दिलंय वाटतं," म्हणाला. सगळे हसले. मी त्याच्याकडे बघत होते. लहानपणी मी ज्या तोंडात घास भरवला तेच तोंड.

"अवी," मी विचारलं, "फरांद्यांकडून काही आलं का रे?"

त्यानं भात गिळला. पाणी प्यायला. "नाही गं ताई. आता कशाला तो विषय? मजा करायला आलोय ना आपण." आणि माझ्या ताटात स्वतःच्या ताटातला गुलाबजाम ठेवला.

तो गुलाबजाम मी खाल्ला. एवढी मी लाचार होते, तेही सांगून टाकते.

जेवण झाल्यावर ते लाटांच्या तळ्याकडे गेले. मी बाकावर. नाडी परत घोट्याला. फोन मांडीवर. दोन वाजले, अडीच वाजले. मी हिरवं बटण दाबायला जायची आणि आईचं अंथरूण डोळ्यांपुढं यायचं. कुशीवर कोण वळवील तिला? उज्ज्वलाला तिचं वजन पेलायचं नाही. पोरांचे डबे, अवीची पथ्याची भाकरी. आणि मग आठवायचं, 'जड आहे, द्या इकडं.' पुन्हा बोट बटणावर. आणि मग भीती वाटायची, अवी काय म्हणेल. असं किती वेळा झालं असेल, देव जाणे. समोर माणसं बंद पिंजऱ्यात बसून उलटीपालटी होत होती आणि पैसे देऊन ओरडत होती. मी बाकावर पूर्ण तिकीट काढून गप्प होते.

"मगापासनं बघतीया," आक्का म्हणाली. "फोन उबवायला घेतलाईस का काय?"

मला हसू आलं, आणि हसता हसता मी तिला सगळं सांगितलं. परक्या माणसाला सांगणं सोपं जातं. शेवटी मी विचारलं, "आक्का, तुमचं लग्न?"

"झालं हुतं की. सोळाव्या वर्सी रांडावले. मग आनिक एक जागा आलती, चांगली हुती. थोरला दादा म्हनला, माजी पोरं ल्हान हाईत, जरा थांब. थांबले."

"मग?"

"मग काय?" आक्का म्हणाली. "थांबलेच की."

ती पाण्याकडे बघत होती. तोंडावर दुःखबिःख काही नव्हतं, तेच मला भयंकर वाटलं. मी खाली बघितलं, तर तिच्या घोट्यावर नाडीचा वळ पडला होता. माझ्याही.

मी वाकून गाठ सोडायला लागले. सकाळी इतकी घट्ट बांधली होती की नखांनी सुटेना. शेवटी दातांनी सोडली, तिथं सगळ्यांदेखत, पाय बाकावर घेऊन. नाडी गुंडाळून आक्काच्या हातात दिली.

"सोडलीस? आन् ह्ये कोन बघनार?"

"कुलूप बघेल."

पाच पिशव्या दोन खांद्यांवर आणि दोन हातांत घेऊन मी लॉकरच्या खिडकीशी गेले. तीच मुलगी होती. "सकाळी ताई आहे म्हणाले होते ना?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "ताई रजेवर आहे." पैसे मी माझ्या क्लासच्या कमाईतले दिले. माझी स्वतःची पिशवीसुद्धा आत ठेवली. रबरी कड्यात अडकवलेली चावी मिळाली, नंबर एकशे सात. मंगळसूत्राचा रुमाल आणि फोन तेवढे हातात ठेवले. तळ्याच्या काठावर उज्ज्वला पाय सोडून बसली होती. मी तिच्या गळ्यात मंगळसूत्र घातलं आणि मागून मळसूत्र फिरवलं.

"अहो ताई, भिजेल ना!"

"भिजू दे. तुझं तू सांभाळ."

ती माझ्याकडे बघतच राहिली. अवी कमरेएवढ्या पाण्यात यादीवर पेननं खुणा करत होता. सव्वाचार झाले होते.

"अवी, बाहेर ये. मला आकाशपाळण्यात बसायचंय."

"तुला? आणि पिशव्या?"

"आहेत. चल, माझं तिकीट फुकट जाईल नाहीतर."

हे वाक्य त्याला नाकारता येण्यासारखं नव्हतं. "पोरांना घेऊन जा की," तो चाचरत म्हणाला. अवीला उंचीची भीती. लहानपणी रथाच्या यात्रेत तो लाकडी पाळण्यात माझ्या मांडीवर बसला होता, आणि माझा नवा परकर धुवावा लागला होता. पण पोरं टाळ्या पिटायला लागली, "पप्पा घाबरले, पप्पा घाबरले," आणि त्याचा नाइलाज झाला.

पाळण्याचा डबा जाळीचा होता. आम्ही समोरासमोर बसलो आणि पाळणेवाल्यानं बाहेरून कडी लावली. पाळणा थोडा वर जायचा, खाली माणसं भरून घ्यायचा, पुन्हा थोडा वर. अवीनं मधला दांडा दोन्ही हातांनी धरला होता. आमचा डबा अगदी वर जाऊन थांबला, तेव्हा मी बोलले.

"फरांद्यांचा फोन आला होता. मी उचलला."

त्याचा चेहरा उतरला. खाली बघितलं तर गरगरेल, म्हणून त्याला माझ्याकडेच बघावं लागत होतं.

"खाली गेल्यावर बोलू ना ताई."

"खाली गेल्यावर तू पोरांना पुढं करशील. आत्ता सांग. काय कळवलंस तू त्यांना?"

"तुझ्या भल्याचंच..."

"अवी."

वाऱ्यानं डबा हलला, तसे अवीनं डोळे मिटले. "त्यांचा होकार आला त्याच दिवशी मी फोन केला," डोळे मिटूनच म्हणाला. "आईच्या खोलीतून. तिथं रेंज चांगली येते ना. तुला करायचंच नाही म्हणून सांगितलं."

"आईसमोर?"

"तिला काय कळतंय, असं वाटलं."

अवीच्या हातचं पाणी ती का घेत नव्हती, ते मला तिथं, जमिनीपासून दहा मजले वर कळलं. आणि तिनं 'जा' दोनदा का म्हटलं, तेही. सहा वर्षं जिचं मी केलं, ती पंधरा दिवस त्या अंथरुणात एकटी माझ्यासाठी भांडत होती, आणि मी तिला खूळ लागलंय म्हणत होते. मला तिथंच रडू फुटलं.

"ताई, रडू नको गं," अवी घाबरला. "म्हणून तर ही ट्रिप काढली मी. तुझ्यासाठीच. म्हटलं, ताईला जरा..."

"म्हणजे हे तिकीट त्याच्या बदल्यात?"

त्यानं दांडा आणखी घट्ट धरला.

"मला जेवताना विचारल्यावरसुद्धा तू खोटं बोललास."

"मग काय करू?" तो एकदम ओरडला, आणि त्याच्याही डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "आईचं कोण करणार? उज्ज्वलाला जमत नाही. मला तर आईला कुशीवर वळवतासुद्धा येत नाही. पोरं अभ्यासाला तुझ्याकडे बसतात. तू गेलीस तर घर कसं चालायचं? तूच सांग मला."

मला त्याची कीवही आली आणि रागही आला. राग जास्त. "वळवायला मी शिकवीन," मी म्हटलं. "अवघड नाही. मीही शिकलेच. पण अवी, मला विचारायचंस रे. नाही म्हणायचं होतं तर मी म्हटलं असतं. माझं नाही तू कशाला म्हणालास?"

पाचला वीस मिनिटं होती. मी फोन काढला. त्यानं दांड्यावरचा एक हात सोडून माझ्या हातापाशी आणला, तेवढ्यात पाळणा हलला आणि हात परत दांड्यावर गेला. खाली जायला दार नव्हतं, आणि कडी बाहेरून होती. दिवसभर मी जशी बसले होते, तसा आता तो बसला होता. मी बटण दाबलं.

"मी कुंदा शेंडे बोलतेय," मी म्हटलं. "माझ्या भावानं सांगितलं ते त्याचं म्हणणं होतं. माझं म्हणणं असं की, मला पसंत आहे. आई आहे, तिचं काय करायचं ते आपण सगळ्यांनी बसून ठरवू. तुमच्या बहिणीला म्हणावं, पायांतल्या चपला काढा."

पलीकडून "ताई, थांब!" अशी मोठ्यानं हाक ऐकू आली. मग ते परत फोनवर आले. "तुम्ही कुठं आहात? वारा केवढा ऐकू येतोय."

"पाळण्यात."

ते हसले. तसं हसणं मी नंतर पंधरा वर्षं रोज ऐकत आले, पण पहिलं ते.

आई त्यानंतर साडेतीन वर्षं होती. त्यातली निम्मी फलटणला आणि निम्मी आमच्याकडे ओझर्ड्याला, रोपांच्या शेडला लागून असलेल्या खोलीत. अवी तिला कुशीवर वळवायला शिकला. पहिल्या आठवड्यात दोनदा कंबर धरली त्याची, मग जमलं. आम्ही ट्रिपहून परतलो त्या दिवशी मी आईच्या कानात सगळं सांगितलं, आणि मग तिनं त्याच्या हातून अर्धा पेला पाणी घेतलं. अर्धाच.

पण त्या संध्याकाळचं राहिलं. सहा वाजता पार्क बंद व्हायची घंटा झाली. बाकावरून जाताना मी आक्काकडे बघून हात केला. तिनं नाडी सोडून पिशव्या पुतण्याच्या सुनेपुढं ठेवल्या होत्या आणि घोटा चोळत बसली होती. फाटकाबाहेर आमची जीप उभी होती. कपडे लॉजवर बदलायचे म्हणून सगळे ओलेच आणि अनवाणी बाहेर आले होते. पोरं दमून लोंबकळत होती, उज्ज्वला ओले केस पिळत होती, अवी यादी बघत होता. अठ्ठावीसपैकी सव्वीस झाले होते. पाळण्यातून उतरल्यापासून त्यानं माझ्याशी एक शब्द काढला नव्हता. जीपचं मागचं दार उघडल्यावर त्यानं सवयीनं हात मागं केला.

"पिशव्या?"

चौघंही माझ्याकडे बघायला लागले. माझे दोन्ही हात मोकळे होते. इतके मोकळे की मलाच ते कुठं ठेवायचे कळेना.

"लॉकरमध्ये आहेत," मी म्हटलं आणि चावी त्याच्या हातात ठेवली. "एकशे सात नंबर."

अवी चावी घेऊन आत गेला. आम्ही जीपला टेकून थांबलो. बऱ्याच वेळानं तो फाटकातून बाहेर आला. एक पिशवी गळ्यात, दोन खांद्यांवर, दोन हातांत, त्यातली चपलांची गुडघ्यावर आपटतेय, आणि मधेच थांबून दम घेतोय. माझ्यापुढं येऊन उभा राहिला. तोंड लाल झालं होतं.

"किती जड आहेत गं," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं, आणि त्यातली माझी तेवढी काढून घेतली.